एक नंबरचा मान

मधुवंती पुणतांबेकरचा राग साऱ्या कॉलेजला पाठ होता. ती कॉम्प्युटर लॅबच्या दिशेनं येताना दिसली की कॉरिडॉरमधले मोबाइल आपोआप खिशात जात, आणि तिचा आवाज चढला की समोरचा मनातल्या मनात देवाचं नाव घेई. बाई वाईट होती का? अजिबात नाही. चूक दिसली की तिला गप्प बसवत नसे एवढंच, आणि त्या कॉलेजात चुका इतक्या की बिचारीला श्वास घ्यायला फुरसत मिळायची नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या, एसीतून पाणी टपकतंय, आणि नवीन काय आलं, तर लॉबीत लावायला भिंतभर टीव्ही. आता यावर माणसानं रागवायचं नाही तर काय आरती ओवाळायची? नवरा गोपाळकृष्ण बँकेतून निवृत्त झालेला, स्वभावानं थंड. तो म्हणायचा, अगं, जरा सोडून द्यायला शीक. ती म्हणायची, काय काय सोडू ते एकदा सांगूनच टाक. ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम भागातल्या त्यांच्या घरात हा संवाद लग्नापासून चालू होता, आणि त्यानं दोघांचंही काही बिघडलेलं नव्हतं.

कॉलेज झाशी रोडला, खाजगी ट्रस्टचं. ग्वाल्हेरच्या एका जुन्या सरदार घराण्यातल्या कान्होजीरावांच्या नावानं त्यांच्या चिरंजीवांनी, म्हणजे मल्हाररावांनी, ते काढलं होतं. मल्हारराव अध्यक्ष. मधुवंती तिथं पहिल्या बॅचपासून. लॅबची इन्चार्ज तीच आणि ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणारीही तीच.

मशीन चालू होताना आत काय घडतं, हा धडा ती दर वर्षी जीव ओतून शिकवायची. भिंड-मुरैनाकडून आलेल्या पोरांच्या पुस्तकातलं इंग्रजी डोक्यावरून जाई, म्हणून ती त्यांना हिंदीत सांगे, मधूनच मराठीत गाढवांनो म्हणे, आणि सगळं त्यांच्या घरातलंच बोले. बटण दाबलं की आधी एक छोटासा प्रोग्रॅम जागा होतो. तो डिस्कवरून कर्नेलला उचलून आणतो. कर्नेल म्हणजे घरातलं कर्तं माणूस. तो मेमरी, डिस्क, कीबोर्ड अशी सगळ्यांची हजेरी घेतो, आणि मग स्वतःच्या हातानं एकच काम सुरू करून देतो. त्या कामाचा नंबर एक. बाकीची शेकडो कामं, नेटवर्क असो, डेटाबेस असो, लॉगिनची खिडकी असो, त्या एक नंबरनंच सुरू करायची, किंवा त्यानं ज्यांना उठवलं त्यांनी.

मग ती विचारायची की तुमच्याकडे पहाटे नळाला पाणी येतं, तेव्हा मोटर लावायला कोण उठतं? पोरं म्हणायची, मम्मी. आणि मम्मी नाही उठली तर? पोरं हसायची. टाकी रिकामी, चहा नाही, आंघोळ नाही, डबा नाही, सगळं घर पाण्यासाठी ताटकळत बसलेलं. बाई म्हणायची, एक नंबर म्हणजे ती तुमची मम्मी. तो अडला की सगळं अडलं. आणि तो मेलाच, तर कर्नेल हात वर करून जागच्या जागी थांबतो, कारण पुढचं घर चालवायला कुणी उरलेलंच नसतं. म्हणून त्या जागेवर जो बसेल त्यानं फक्त मोटर लावायची. तिथं बसून मिरवायचं नाही.

पोरांना हे सांगणं सोपं होतं. अध्यक्षांना कोण सांगणार?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत मान हा एक विलक्षण प्रकार आहे. पहिली आरती कुणाच्या हातची, पहिला विडा कुणाला, दसऱ्याला कुणी कुणाच्या दारी आधी सोनं न्यायचं, यावरून सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली लोकांनी पाहिली आहेत. सरदारक्या गेल्या, जहागिऱ्या गेल्या, नातवंडं पुण्या-बंगळुराला नोकऱ्या करतात, पण मान तेवढा मुठीत घट्ट धरून ठेवलाय. मधुवंतीचे आजोबा अशाच एका सरदारांचे उपाध्ये. कुणाला आधी आणि कुणाला मागून, हे त्यांना श्लोकांइतकं तोंडपाठ. एकदा चुकून मागच्या मानकऱ्याला पुढं प्रसाद दिला म्हणून भर सभेत त्यांना नाक घासून माफी मागावी लागली होती. छोटी मधुवंती तेव्हा खांबाआडून बघत होती. तेव्हापासून मान म्हटलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

तर मल्हाररावांनी लॉबीत टीव्ही लावला आणि त्यांच्या मनात आलं की कॉलेजचा मुख्य सर्व्हर चालू होईल तेव्हा सर्वांत आधी बाबासाहेबांची, म्हणजे कान्होजीरावांची, तसबीर त्या टीव्हीवर यावी आणि सरस्वतीवंदना वाजावी. त्याच्या आधी मशीननं काहीसुद्धा करू नये. आमच्या संस्थेत कुठलंच काम बाबासाहेबांना वंदन केल्याशिवाय सुरू होत नाही, मग ही मशीन काय जगावेगळी आहे? मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. मधुवंती म्हणाली, काही अवघड नाही, मशीन पूर्ण चालू झालं की शेवटी तसबीर दाखवू, कुणाचं काही अडणार नाही.

मल्हाररावांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू तिनं तसबिरीला पायच लावला. म्हणाले, "शेवटी? बाबासाहेब शेवटी?"

आणि मग सिस्टिम सांभाळणारा अंबरीश म्हणाला की सर, हो जाएगा.

हा अंबरीश तिचाच विद्यार्थी. हुशार, नम्र, आणि पाठीचा कणा घरी ठेवून कामावर येणारा. मोटर लावणाऱ्या मम्मीचा धडा त्यानं पहिल्या बाकावर बसून ऐकला होता, आणि त्या धड्याचं त्यानं काय केलं बघा. कर्नेल पहिलं काम कुठलं सुरू करील, हे मशीनच्या सुरुवातीच्या मेन्यूतल्या एका ओळीत सांगता येतं. त्यानं त्या ओळीत खऱ्या एक नंबरच्या जागी स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्रॅम बसवला. तो प्रोग्रॅम आधी लॉबीतला टीव्ही शोधणार, टीव्ही सापडला की तसबीर दाखवणार, वंदना वाजवणार, आणि मग आपली जागा खऱ्या एक नंबरला देणार. टीव्ही सापडेपर्यंत तो थांबणार. सर्व्हरचा स्वतःचा छोटा स्क्रीन शेजारीच होता, पण बाबासाहेब छोट्या स्क्रीनवर कसे येतील? म्हणून त्यानं प्रोग्रॅमला नेमकं त्या मोठ्या टीव्हीचंच नाव शिकवून ठेवलं.

मधुवंतीनं हे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दुपारी तिनं ती ओळ काढून टाकली. दुसऱ्या दिवशी मल्हाररावांनी बोलावून घेतलं. आवाज न चढवता म्हणाले, तुम्ही उपाध्यांची नात ना, तुम्हाला तरी मान कळायला हवा. त्या एका वाक्यानं तिच्या तोंडात आलेलं सगळं तोंडातच राहिलं. बाहेर आली तर अंबरीशनं ओळ पुन्हा घातलेली, आणि वर मेन्यूला पासवर्ड लावून ठेवलेला, बाईंनी पुन्हा हात लावू नये म्हणून. तिनं त्याला कॉरिडॉरमध्ये गाठून सगळ्यांदेखत फाडून खाल्लं. ज्या दिवशी तो टीव्ही तिथं नसेल त्या दिवशी काय करशील, असं विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, टीव्ही कुठं जाणार? भिंतीला ठोकलाय."

यालाच म्हणतात शिकलेलं पालथ्या घड्यावर पाणी. त्यानंतर तिनं प्राचार्यांना सांगितलं, ट्रस्टींना सांगितलं, स्टाफरूममध्ये इतकं बोलली की लोक तिला बघून चहाचे कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊ लागले. पुणतांबेकर बाईंचं नेहमीचंच आहे, असं म्हणून सगळे मोकळे झाले.

जूनमध्ये कॉलेजला राज्याच्या एका खात्याच्या भरतीचं ऑनलाइन परीक्षा केंद्र मिळालं. मल्हाररावांची छाती फुगली. परीक्षा घेणाऱ्या एजन्सीचे प्रश्न आदल्या दिवशी कॉलेजच्या त्याच मुख्य सर्व्हरवर उतरवले गेले, सर्व्हरच्या पेनड्राइव्ह लावायच्या जागांवर एजन्सीनं सील ठोकलं, आणि लॅबमधल्या सगळ्या मशीन त्याला जोडल्या गेल्या. आदल्या दिवशी टीव्ही भिंतीवरच होता. तसबीर झळकली, वंदना झाली, सगळं सुरळीत सुरू झालं.

परीक्षेच्या दिवशी मधुवंतीची ड्यूटी फाटकावर, ओळखपत्रं तपासायची. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. रांगेत तिला गरिमा दिसली. गरिमा तिची जुनी विद्यार्थिनी. मशीनच्या पोटात शिरून विचार करणारी मुलगी, अशी मुलगी मधुवंतीला पुन्हा मिळाली नव्हती. कॉलेज संपताच घरच्यांनी गावातल्याच पडाव भागात, युवराज नावाच्या ट्रान्सपोर्टवाल्या मुलाला दिली. घराणं मराठ्यांचं, एके काळी फौजेतलं. आता कडेवर काही महिन्यांचं बाळ होतं, आणि बाळाला घ्यायला सासू, शांताताई, बरोबर आली होती. नऊवारी नेसलेली, उंच, चेहऱ्यावर एकही रेघ न हलणारी बाई.

गरिमानं घाईघाईत मधुवंतीला सगळं सांगितलं, निम्मं हिंदीत. वयाची अट अशी, की ही शेवटची संधी, पुढच्या वर्षी फॉर्मच भरता येणार नाही. घरी महिनाभर रडारड झाली. शेवटी केंद्र ग्वाल्हेरातच आलं म्हणून सासूबाईंनी होकार दिला. बाहेरगावी असतं तर सवालही नहीं था, मॅम. आणि सासूबाई पाठीमागून, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाल्या की नोकरी-बिकरीचं आम्हाला काही पडलेलं नाही, पोरीची हौस एकदा फिटू दे म्हणून आणलंय. मधुवंतीच्या जिभेवर उत्तर आलं होतं. गरिमाच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ते गिळलं, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला आत पाठवलं. शांताताई बाळाला घेऊन फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसली.

इकडे आत काय झालं होतं, हे फाटकावर कुणाला ठाऊक नव्हतं. एजन्सीचे निरीक्षक दिग्विजयसिंह सकाळी आले आणि आल्या आल्या लॉबीतल्या टीव्हीपाशी थांबले. उमेदवारांच्या वाटेवर कुठलाही स्क्रीन चालणार नाही, नियम आहे, उतरवा. टीव्ही उतरवला गेला. मल्हाररावांनी तो आपल्या केबिनमध्ये ठेवून कुलूप घातलं, चुकून ओरखडा पडायला नको म्हणून. सर्व्हर आदल्या दिवसापासून चालूच होता, तेव्हा त्याला टीव्ही गेल्याचं काय कळणार? अंबरीश मात्र तिथंच उभा होता. त्याला कळायला हवं होतं. त्याला कळलं की नाही, हे देव जाणे. तो काही बोलला नाही एवढं खरं.

पोरं जागेवर बसली, लॉगिन सुरू होणार, तेवढ्यात बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरनं धडाका केला आणि लाइट गेली. जनरेटर लागला, दिवे आले, पंखे फिरले, लॅबमधल्या मशीन एकेक करत जाग्या झाल्या आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच ओळ उमटली, सर्व्हर सापडत नाही. बॅटऱ्या मेलेल्या यूपीएसनं सर्व्हरला एक क्षणही सांभाळलं नव्हतं.

निरीक्षकांनी नियम वाचून दाखवला. अर्ध्या तासात परीक्षा सुरू झाली तर ठीक, नाहीतर या केंद्राची परीक्षा रद्द, आणि उमेदवारांनी दुसऱ्या तारखेला नेमून दिलेल्या केंद्रावर जायचं. कुठलं केंद्र? जबलपूर. फाटकावर हे ऐकून मधुवंती ओळखपत्रांचा गठ्ठा शिपायाच्या हातात कोंबून धावली. लॅबच्या दारातून तिला गरिमा दिसली. मुलगी स्क्रीनवरच्या त्या ओळीकडे टक लावून बसली होती, दोन्ही हात मांडीवर, जसं काही हलली तर सगळं बिघडेल.

सर्व्हररूममध्ये अंबरीश काळ्या स्क्रीनपुढं उभा. स्क्रीनवर त्यानंच कधीतरी लिहिलेली ओळ होती, स्क्रीन की प्रतीक्षा है. कर्नेल उठला होता. हजेरी घेतली होती. मेमरी होती, डिस्क होती, प्रश्नपत्रिका जागच्या जागी होत्या. फक्त एक नंबरच्या जागेवर बसलेला तो भिकार प्रोग्रॅम भिंतीवर नसलेल्या टीव्हीची वाट बघत बसला होता, आणि त्याच्या मागं सगळं ठप्प.

मधुवंती म्हणाली, मशीन पुन्हा चालू कर, मेन्यू उघड, पासवर्ड घाल, ती ओळ काढ. एका मिनिटाचं काम आहे.

अंबरीशनं हात कीबोर्डपर्यंत नेला आणि मागं घेतला. "मॅडम, एक बार सर से पूछ लूँ?"

ती त्याच्यावर ओरडली. काय ओरडली ते पुष्कळांनी ऐकलं आणि नंतर घरोघरी सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पासवर्ड सांग, मी घालते, नाव माझं सांग. तो नुसता मान हलवत राहिला. नोकरी जाईल मॅडम, नया बाज़ारात वडिलांचं दुकान आधीच बंद झालंय. तिला त्याची कीव आली, आणि कीव आल्यामुळं आणखीनच संताप आला. पेनड्राइव्हवरून मशीन उठवावं, तर त्या जागा सीलबंद, आणि पासवर्ड या बावळटाच्या डोक्यात. करणार काय? तेवढ्यात मल्हारराव आले.

तिनं त्यांना सरळ सांगितलं. वाट बघण्यात वेळ घालवला तर परीक्षा जाईल, आणि तसबिरीची ओळ काढली तर मशीन आत्ता उठेल. संध्याकाळी ती ओळ पुन्हा घालू, हवं तर मी स्वतः घालते. हे म्हणताना तिला स्वतःचीच शिसारी आली, पण ती म्हणाली. दारात निरीक्षक उभे होते, मागं दोन प्राध्यापक, चार शिपाई. आणि हा माणूस, इतक्या लोकांसमोर, विचार करू लागला. मशीनचा नाही हो, लोक काय म्हणतील याचा. बाबासाहेबांना बाजूला सारून मल्हाररावांनी काम सुरू केलं, असं कुणी म्हटलं तर?

म्हणाले, "टीव्ही केबिनमध्येच आहे. आणवतो. पाच मिनिटांचा प्रश्न आहे, मान कशाला मोडायचा?"

केबिनची किल्ली त्यांनी शिपायाकडे दिलेली. शिपाई साहेबांच्याच हुकमावरून निरीक्षकांसाठी कचोऱ्या आणायला गेलेला. तो सापडेपर्यंत वेळ गेला. टीव्ही दोघांनी आडवा धरून आणला, तो सर्व्हररूमच्या दारातून आत येईना. तिरपा केला. आत आला तर केबलचं टोक लॉबीतच भिंतीत राहिलेलं. ते ओढून काढायला शिडी लागली. मधुवंती भिंतीला टेकून उभी होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. ती प्रत्येकाला सांगत होती, अजून वेळ आहे, एक ओळ काढा, आणि प्रत्येक जण तिच्याकडे बघून टीव्हीकडे वळत होता. बाईंचं नेहमीचंच आहे.

अर्धा तास संपला. दिग्विजयसिंहांनी फोनवर वरच्यांशी बोलून घेतलं आणि लॅबमध्ये जाऊन जाहीर केलं की या केंद्राची परीक्षा रद्द. उमेदवार उठू लागले, खुर्च्या वाजल्या, कुणीतरी शिव्या दिल्या. आणि त्या गोंधळात सर्व्हररूममध्ये केबल जोडली गेली. टीव्ही उजळला. कान्होजीराव फेट्यासकट झळकले. सरस्वतीवंदना मोठ्या आवाजात सुरू झाली आणि पाठोपाठ सगळं मशीन शहाण्या मुलासारखं उठून बसलं. मल्हाररावांनी हात जोडले. मग अंबरीशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले की बघा, चालू झालं की नाही.

मधुवंतीनं पाठ फिरवली. ती लॅबमध्ये गेली. गरिमा अजून जागेवरच बसली होती. समोरच्या स्क्रीनवर आता लॉगिनची खिडकी आली होती.

दोघी बाहेर आल्या. शांताताई बाळाला पदरानं वारा घालत होती. सूनबाई इतक्या लवकर परत आलेली बघून तिनं विचारलं, झाला पेपर? गरिमानं मान खाली घातली आणि जबलपूरचं सांगितलं. शांताताईचा चेहरा दगडासारखा झाला. म्हणाली, मी आधीच सांगितलं होतं, बाहेरगावचं जमायचं नाही. गरिमानं बाळ घेतलं आणि ती झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून उभी राहिली.

मग मधुवंतीला राहवेना. ती त्या बाईसमोर उभी राहून बोलायला लागली, बसलेल्या घशानं, पोरांना शिकवते तशी. मशीन काय असतं, कर्तं माणूस कोण, मोटर लावायला आधी कोण उठतं. आणि मोटर लावणारीला आज सांगून ठेवलं होतं की आधी थोरल्या साहेबांची तसबीर भिंतीवर लाव, मगच मोटरकडे जा, आणि तसबीर सकाळीच कुणी उतरवून कुलपात ठेवली होती. बिचारी टाकीपाशी उभी राहिली. घरभर माणसं तहानलेली बसली. तुमची सून त्यात होती.

शांताताईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "म्हणजे मशीन बिघडलं नव्हतं?"

मधुवंती म्हणाली, "नाही. थांबवून ठेवलं होतं."

शांताताई उठली. निऱ्या झटकल्या आणि फाटकातून सरळ आत चालू लागली. शिपायानं अडवायला हात पुढं केला आणि तिच्याकडे बघून मागं घेतला. लॉबीत मल्हारराव निरीक्षकांना कचोरीचा आग्रह करत होते. मधुवंती तिच्यामागोमाग पोचली तेव्हा ती त्यांच्यापुढं उभी होती आणि तिचा आवाज मुळीच चढलेला नव्हता.

"सरकार, माझे आजेसासरे तुमच्या देवडीवर पहाऱ्याला होते. तुमची पालखी आत गेल्याशिवाय त्यांना उन्हातून हलायची मुभा नव्हती. त्याचा पगार तरी मिळत होता. आज माझी सून तुमच्या उन्हात कशापायी उभी राहिली?"

मल्हारराव हसायला गेले. म्हणाले, ताई, मशीन आहे, बिघडतं कधीकधी. शांताताईनं मागं वळून मधुवंतीकडे बोट केलं. या बाई म्हणतात, बिघडलं नव्हतं. सगळ्यांनी मधुवंतीकडे पाहिलं. अंबरीशनंही पाहिलं. ती नुसती हो म्हणाली. निरीक्षकांनी हातातली बशी टेबलावर ठेवली. मल्हाररावांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, आणि ते कुणाला तरी फोन लावत केबिनकडे निघून गेले. माफीचा एक शब्द नाही. तोही मानाचाच भाग असावा.

परत झाडाखाली आल्यावर शांताताईनं गरिमाच्या हातातून बाळ घेतलं, खांद्यावर टाकलं आणि विचारलं, जबलपूरची गाडी कधी असते.

गरिमा म्हणाली, "आई, पण बाळ..."

"बाळाला मी बघते. युवराजलाही मी सांगते." मग जरा थांबून म्हणाली, "परीक्षेचं मला अजूनही कौतुक नाही, समजलीस? पण आमच्या घरची बाई त्यांच्या तसबिरीपायी मागं राहिली, हे मला चालायचं नाही."

मग ती मधुवंतीकडे वळली आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतलं. म्हणाली, "तुम्ही जा हिच्यासोबत. हिला भांडता येत नाही. तिथं कुणी असलंच काही अडवून ठेवलं, तर गप्प बसू नका."

आजवर जो भेटला त्यानं मधुवंतीला एकच सांगितलं होतं की बाई, राग आवरा. तिचे डोळे एकदम भरून आले, आणि भर रस्त्यात असे डोळे भरून आले याचाही तिला भयंकर राग आला.